‘योग्य ती खबरदारी’ कोणी घ्यायची?

आज पालघर-बोईसरकडचे बरेच विद्यार्थी ऐकताहेत, म्हणून उदाहरणं तिकडचीच घेतो. विषय आहे विद्यापीठात कार्यशाळेच्या रूपाने शिकवलं जाणारं व्यावसायिक लेखन. कुठे त्याला ‘व्यावहारिक मराठी’ म्हणतात, कुठे ‘उपयोजित मराठी’. कॉमर्सकडे ‘बिझनेस कम्युनिकेशन’.

आधी याचं श्रेय देतो. अर्ज, पत्र, इतिवृत्त, निवेदन, सूचना हे सगळं इथे हाताने लिहून घेतलं जातं. जव्हार-विक्रमगडहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलाला नीट अर्ज लिहिता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. ‘हा कसला साहित्याचा अभ्यास’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती माझ्यापासूनच सुरू होते. निवृत्तीनंतर अशाच एका कार्यशाळेत मी शिकवायला जात होतो. एकदा विषय दिला : कारखान्यात वायुगळती झाल्यास कामगारांसाठी सूचना लिहा. तारापूरचं नाव १९६९ पासून देशाला माहीत आहे ते अणुवीज केंद्रामुळे. पण बोईसरच्या घराघरांतलं रोजचं बोलणं असतं ते एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांचं. तेव्हा विषय जवळचाच होता. एका मुलीने लिहिलं : ‘वायुगळती झाल्यास सर्व संबंधितांनी योग्य ती खबरदारी घ्यावी व तात्काळ आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.’ शुद्धलेखन चोख, मायना बरोबर. मी दहापैकी नऊ गुण दिले.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, “सर, मी ते पप्पांना वाचून दाखवलं. ते एमआयडीसीत आहेत. ते म्हणाले, छान लिहिलंयस, पण मी नेमकं करू काय?”

मंडळी, चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. आपल्याकडे वाक्यार्थाची चर्चा करणाऱ्यांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. आकांक्षा म्हणजे काय? ‘आण’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, काय आणू? ती अपेक्षा पुरी झाल्याशिवाय वाक्याचा अर्थ पुरा होत नाही. ‘योग्य ती खबरदारी’ हे व्याकरणाने पुरं झालेलं वाक्य आहे. पण कोणी, कुठे, कशी या आकांक्षा तशाच लोंबकळत राहतात. मीमांसकांच्या व्याख्येपेक्षा मी हा शब्द थोडा ताणतोय, हे कबूल. तरी त्या वडिलांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

मग आम्ही ती सूचना पुन्हा लिहिली. मजकूर निम्मा वडिलांचाच होता : ‘वास आला की काम सोडा. ओरडून शेजाऱ्याला सांगा. वारा कुठून येतोय ते बघा आणि त्याला आडवे चालत गेटकडे या. सुपरवायझर तिथे हजेरी घेईल. त्याने सांगितल्याशिवाय परत आत जाऊ नका.’ छोटी वाक्यं, आणि प्रत्येकात कोणी काय करायचं ते ठरलेलं.

यावर कोणी म्हणेल, कार्यालयाची भाषा अशीच असते; तिथे व्यक्ती बोलत नाही, पद बोलतं. मान्य. ‘आदेश देण्यात येत आहे’ याला काही ठिकाणी अर्थ आहे. पण तिथेही कोणत्या पदाने, किती दिवसांत काय करायचं, हे लिहिता येतंच. ‘करण्यात येईल’ म्हणताना कर्ता वाक्यातून निघून जातो, आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही निघून जाते. आम्ही वर्गात हीच भाषा प्रौढ म्हणून शिकवतो आणि तिलाच गुण देतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही, गुणदानाचा आहे.

कायद्याला हे आधी कळलं होतं, ही गंमत बघा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमात लिहिलं होतं की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. ‘समजणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा. बोईसरला कामगार उत्तर प्रदेशचा आहे, बिहारचा आहे, आणि डहाणूकडचा वारलीही आहे. तिथे नुसतं मराठीत लिहून भागत नाही. अवघड मराठीत लिहून तर मुळीच नाही.

पालघरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि वारकरी प्रवचनकारही. प्रवचनात श्रोता समोर बसलेला असतो. त्याला कळलं नाही तर चेहऱ्यावर दिसतं. आमच्या कार्यशाळेत असा श्रोताच नाही. विद्यार्थी लिहितो, प्राध्यापक वाचतो, आणि प्राध्यापकाला गळतीतून पळायचं नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मसुदा ज्याच्यासाठी लिहिला त्याला वाचून दाखवा. त्याने विचारलेले प्रश्न वहीत उतरवा, मग पुन्हा लिहा. निम्मे गुण त्या दुसऱ्या मसुद्याला द्या. याला वेगळा निधी लागत नाही. एक संध्याकाळ लागते आणि घरातलं एखादं माणूस.

त्या मुलीचे नऊ गुण मी बदलले नाहीत. ते माझ्या चुकीचे होते, तिच्या नव्हे.