आज्ञापत्रांतील स्वपरीक्षा व परपरीक्षा

आज्ञापत्राची प्रशंसा करतांना बहुतेक लेखक टोपीकरांविषयींच्या मजकुरापाशींच थांबतात. टोपीकर हे इतर सावकारांसारखे निव्वळ व्यापारी नव्हेत, त्यांच्या पाठीशीं राज्यकर्ते आहेत, सबब त्यांस समुद्रकिनारीं जागा देऊं नये, हें इ. स. १७१५ च्या सुमारास ज्यानें लिहिलें त्याची दूरदृष्टि वर्णावी तितकी थोडीच. परंतु एवढ्यानें ग्रंथाचें परीक्षण पुरें झालें, हें आम्हांस मान्य नाहीं.

कौटिल्यानें चढाईपूर्वीं शत्रूचें व आपलें, दोघांचेंहि बलाबल तोलण्यास सांगितलें आहे. आज्ञापत्रांत यांपैकीं दुसरें काम वतनदारांच्या प्रकरणानें केलें आहे. वतनदार हे राज्याचे दायाद. परचक्र येतांच वतनाच्या आशेनें ते अगोदर शत्रूस मिळतात व इकडील भेद तिकडे पोंचवितात, असें लेखक स्पष्ट बजावतो. ही व्याधि त्यानें दुरून पाहिलेली नव्हे. ज्यांच्या नांवावर हा ग्रंथ चालतो ते रामचंद्रपंत अमात्य, राजाराम महाराज जिंजीस असतां, हुकूमतपन्हा या नात्यानें महाराष्ट्राचा कारभार पाहत होते. आणि सरदार फुटूं नयेत म्हणून वतनें देण्याचा क्रम त्याच काळांत वाढला. खुद्द पंतांचें घराणेंहि बावड्याचें जहागीरदार. म्हणून या प्रकरणास आम्ही उपदेशापेक्षां आत्मपरीक्षण म्हणूं.

तथापि ग्रंथांत एक न्यून आहे. टोपीकरांचें बळ आरमार, तोफा व दारूगोळा यांत आहे, हें लेखक ओळखतो. त्यांस दूर ठेवण्याचे उपाय तो तपशिलानें सांगतो. परंतु त्यांची ती विद्या स्वकीयांनीं कशी हस्तगत करावी, याचा विचार त्या प्रकरणांत नाहीं. शत्रूचा हेतु कळला, त्याच्या सामर्थ्याचें मूळ शोधावयाचें राहिलें.

पुढें दोन्ही धडे विसरले गेले. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशव्यांनीं इंग्रजांस सोबत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. घरचा कलह मिटविण्यास परका बोलाविला. आंग्र्यांचें आरमार बंदरांतच जळालें आणि किल्ला प्रथम इंग्रजांच्या हातीं पडला.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, आज्ञापत्राची जुनी नक्कल हातीं आल्यास टोपीकरांच्या मजकुराइतक्याच काळजीनें वतनदारांच्या प्रकरणाचे पाठभेदहि टिपून ठेवावे. शत्रूविषयींचें शहाणपण सर्वांस वाचावयास आवडतें; स्वतःविषयींचें शहाणपण नकलकाराच्या हातूनहि गळण्याचा संभव असतो.