‘डायेरिया’ या शब्दाची व्याप्ती

पटकीच्या निवारणाचा विचार जलशुद्धी, मलनिःसारण व लस या अंगांनी पुष्कळ झाला आहे. भाषेच्या अंगाने तो क्वचितच होतो. मुश्ताक चौधुरी व रिचर्ड कॅश यांचा ‘अ सिंपल सोल्यूशन’ (१९९६) हा ग्रंथ या दृष्टीने मननीय आहे. १९८० ते १९९० या काळात बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने घरोघर जाऊन एक कोटीहून अधिक कुटुंबांतील मातांना मीठ, गूळ व पाणी यांचे द्रावण करावयास शिकविले, त्या उपक्रमाचा हा वृत्तान्त होय.

पटकीचा रोगी दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. ही हानी भरून काढणारे द्रावण ‘तीन बोटांची चिमूट, एक मूठ, अर्धा शेर’ अशा घरगुती मापांत सांगितले गेले. शिक्षिकेचा मोबदलाही मातांना किती आठवते यावर ठरे. मातांनी कृती चांगली आत्मसात केली. तरीही प्रत्यक्ष वापर अपेक्षेहून पुष्कळच कमी आढळला.

या विसंगतीचे एक महत्त्वाचे कारण शब्दार्थात होते. कार्यकर्त्यांच्या लेखी ‘डायेरिया’ म्हणजे सर्व प्रकारचे जुलाब. खेड्यातील स्त्रियांच्या बोलीत मात्र तो शब्द पटकीसारख्या तीव्र, पाण्यासारख्या जुलाबापुरताच होता. इतर प्रकारांस ‘दूध हागा’, ‘अजीर्ण’, ‘आमाशा’ अशी स्वतंत्र नावे होती. साहजिकच द्रावण प्राधान्याने ‘डायेरिया’साठी राखले गेले.

याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. मातांनी उपदेश मोडला नाही. आपल्या भाषेतील अर्थाप्रमाणे तो पाळला. चूक झाली ती एका पोटभेदाचे नाव संपूर्ण जातीस लावणाऱ्यांची. तिचे परिणामही केवळ शाब्दिक नव्हते. इतर जुलाबांनीही बालके दगावतात; शिवाय पटकीची लागण बहुधा सौम्य असते, आणि असा सौम्य रोगीही विष्ठेवाटे रोगजंतू पसरवितो. त्याच्या दुखण्यास निराळे नाव असले, की सावधगिरीही सुटते.

अर्थात शब्दसंग्रहाने पाणी शुद्ध होत नाही. शुद्ध पाणी व मलनिःसारण यांवाचून पटकीचे उच्चाटन अशक्यच. परंतु मराठीतही जुलाब, हगवण, आव, मोडशी, पटकी हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. आरोग्यपत्रकाचा अनुवाद हाती घेण्यापूर्वी त्या त्या गावी हे शब्द कोणत्या दुखण्यास लावतात, हे विचारून घेणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.