नास्तिकाच्या ग्रंथातील आस्तिक

ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा वाद आपल्या वाङ्मयास नवा नाही; तो लिहून ठेवणारा मात्र जवळजवळ नेहमी एकाच बाजूचा राहिला आहे. चार्वाकमताचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. त्या मताचा जो परिचय आपल्याला आहे तो मुख्यतः माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या, म्हणजे प्रतिपक्षाने लिहिलेल्या, ग्रंथांतून. जयराशीच्या ‘तत्त्वोपप्लवसिंहा’चा अपवाद करावा तर तो ग्रंथ चार्वाकांचा म्हणावा की निखळ संशयवाद्याचा, याविषयीच पंडितांत एकमत नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त निरीश्वरवाद्यांचे आक्षेप मांडले, ते खोडून काढण्यासाठी. पूर्वपक्ष नीट मांडण्याची आपली परंपरा थोर खरी. पण त्या पूर्वपक्षाच्या हाती तिने लेखणी फारशी दिली नाही.

गोरा, म्हणजे आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव (१९०२–१९७५), यांचे ‘अ‍ॅन एथिस्ट विथ गांधी’ हे छोटेखानी पुस्तक १९५१ साली नवजीवनने प्रसिद्ध केले. त्याचे वाङ्मयीन महत्त्व माझ्या मते येथेच आहे. येथे आस्तिक हा नास्तिकाच्या ग्रंथात बोलतो. आणि तो आस्तिक सामान्य नव्हे, साक्षात् गांधी आहेत. शिवाय पुस्तक निघाले तेव्हा गांधी हयात नव्हते. आपल्या तोंडी घातलेल्या वाक्यांना ते हरकत घेऊ शकत नव्हते. अशा स्थितीत लेखकावर जी जबाबदारी येते ती गोरांनी ओळखली होती काय, हा समीक्षकाचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

मला वाटते, ओळखली होती. १९३० साली त्यांनी गांधींना पत्र लिहून ‘ईश्वर’ या शब्दाचा आपण कोणता अर्थ करता, असे विचारले. ईश्वर मानवी आकलनापलीकडचा आहे, एवढेच उत्तर आले. १९४१ साली त्यांनी भेट मागितली, तेव्हा नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणे होय, असे सांगून गांधींनी वेळ नसल्याचे कळविले. हे नकार गोरांनी पुस्तकात झाकले नाहीत. त्यांवर उपरोधाचा एक शब्दही खर्चिला नाही. १९४४ च्या अखेरीस सेवाग्रामला प्रत्यक्ष भेट झाली, तेव्हा दोघांच्याही हाती उत्तरे तयार नव्हती, आणि म्हणूनच हा संवाद वाचनीय झाला आहे. प्रस्तावना किशोरलाल मशरूवालांची, म्हणजे पुन्हा एका श्रद्धावंताची. नास्तिकाच्या ग्रंथाचे दार आस्तिकाने उघडावे, हेही त्या काळास शोभणारे होते.

या पुस्तकातील काही भागांचा मराठी अनुवाद करीत असता मी पहिल्या भेटीपाशीच अडलो. ईश्वर न मानणाऱ्याशी आपण काय बोलावे, असे गांधी थट्टेने विचारतात. त्यावर गोरा आपण देवहीन नसून निरीश्वरवादी आहोत, असा भेद करतात. इंग्रजीत हे दोन शब्द सहज वेगळे उभे राहतात. मराठीत ‘नास्तिक’ हा एकच शब्द दोन्ही ओझी वाहतो. मनूच्या लेखी तो वेदनिंदक. आपल्या घरांत तो ज्याला कसलीच चाड नाही असा मनुष्य. ईश्वर न मानणारे सांख्य व मीमांसक मात्र आस्तिकांच्या पंक्तीला बसतात! ‘निरीश्वरवादी’ म्हणावे तर तो शब्द दर्शनशास्त्राच्या वर्गाबाहेर पडत नाही; गावोगाव फिरून अस्पृश्यतेविरुद्ध काम करणाऱ्या माणसाला तो शोभत नाही.

आता पुस्तकातील सर्वांत जोरकस, आणि माझ्या मते सर्वांत सदोष, युक्तिवादाकडे वळतो. १९४३ च्या दुष्काळात गोरांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेने मरणारी माणसे पाहिली. जवळच दुकानांत खाद्यपदार्थ मांडलेले असताना त्या माणसांनी हात पुढे केला नाही. याचे कारण त्यांची दैवावरची श्रद्धा, असे गोरा गांधींना सांगतात. हा भाग वाचताना मी प्रथम पूर्णपणे त्यांच्या बाजूचा झालो होतो.

माझे एक स्नेही नेमाने आषाढीची वारी करतात. गेली तीस वर्षे आम्ही ईश्वराविषयी वाद घालीत आलो आहोत आणि दोघांपैकी कोणीही तसूभर हललेला नाही. त्यांना मी हा भाग मोठ्या उत्साहाने वाचून दाखविला. ते काही वेळ गप्प बसले व म्हणाले, “अहो, महिनाभराच्या उपाशी माणसाच्या हातात दुकान फोडण्याचे बळ असते काय? आणि दुकानापुढे पोलीस उभा होता, त्याला तुम्ही कोठे ठेवलात?” मला उत्तर सुचले नाही. भौतिक कारणे पुढे करण्याचे माझे काम विठ्ठलाच्या भक्ताने केले होते, आणि मी, विचारांच्या बळावर जग चालते असे मानणारा भाविक होऊन बसलो होतो. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाची जी मीमांसा केली, ती माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे: मुख्य प्रश्न धान्याच्या तुटवड्याचा नसून ते विकत घेण्याची ऐपत व हक्क गमावल्याचा होता. अधिकृत चौकशी आयोगानेच सुमारे १५ लाख मृत्यू मानले. इतरांचे अंदाज याहून मोठे आहेत. एवढ्या मृत्यूंचा भार एकट्या दैववादावर टाकणे म्हणजे सरकारला व साठेबाजांना मोकळे सोडणे होय. गांधींनी हा आक्षेप तेथे घेतला नाही, याची मला चुटपुट लागते. ते ऐकत राहिले. आपली आस्तिकता बरोबर व तुमची नास्तिकता चूक, असे आपण म्हणू शकत नाही, या आशयाचे जे ते शेवटी बोलले, ते औदार्याचे आहे. पण औदार्याने युक्तिवादाची तपासणी होत नाही.

तपासणी झाली ती निराळ्या ठिकाणी. गोरांनी आपली कन्या मनोरमा हिचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील तरुणाशी ठरविला, आणि तो सेवाग्रामच्या आश्रमात लावण्यास गांधींनी संमती दिली. विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घ्यावे, हेही त्यांनी मान्य केले. ‘सत्य हाच ईश्वर’ असे ते १९३१ पासून म्हणत होते. येथे त्या समीकरणातील एक बाजू प्रत्यक्ष उच्चारातून गळाली. विवाह मार्च १९४८ मध्ये झाला. तेव्हा गांधी नव्हते.

माझ्या स्नेह्यांना हा भाग वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. ‘नास्तिक’ या शब्दापाशी मात्र ते थबकले व म्हणाले, “या माणसाला हा शब्द नको. दुसरा शोधा.” दुसरा मला अद्याप सापडलेला नाही, हस्तलिखितात त्या जागी तोच शब्द मी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.