दाराचा टीपॉय आणि बुद्धाचं मस्तक

आजचा विषय तसा घरातलाच आहे. मध्यंतरी पुण्यातल्या एका नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. दिवाणखान्यात मधोमध एक टीपॉय. वर काच, आणि काचेखाली जुन्या वाड्याचं सागवानी दार, कडीकोयंड्यासकट. एका भिंतीला मोरोक्कोच्या धाटणीच्या टाइल्स. कोपऱ्यात बुद्धाचं नुसतं मस्तक, त्यावर पिवळा दिवा. बसायला जपानी पद्धतीची बुटकी बैठक. यजमान कौतुकाने म्हणाले, ‘‘सगळ्या संस्कृती एका छताखाली आणल्यात बघा!’’ घर देखणं होतं, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या ‘आणल्यात’ या शब्दापाशी आम्ही अडकलो.

आता कुणी म्हणेल, ही सरमिसळ म्हणजेच बिघाड. आपलं ते शुद्ध ठेवावं. हा आक्षेप काही टिकत नाही. ज्या वाड्याला आपण अस्सल मराठी म्हणतो, त्याचे सुरूचे खांब आणि महिरपी मुघल वळणाच्या आहेत. १८०७च्या सुमारास बांधलेला विश्रामबागवाडा जाऊन बघा, ते कोरीव खांब तिथे आजही उभे आहेत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या इमारती घ्या. आर्ट डेको ही शैली युरोपातून आली, इथे रुजली आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्यांचं तंत्र मूळचं युरोपचं. १९२२ मध्ये मुंबईत ‘भारत टाइल्स’ सुरू झाली ती स्वदेशीच्या भावनेतून, आयात फरशीला देशी पर्याय म्हणून. म्हणजे सरमिसळ आपल्या घरांना नवीन नाही.

मग फरक कुठे पडतो? आम्हाला असं दिसतं, की त्या बाहेरून आलेल्या गोष्टी इथे येऊन कामाला लागल्या. सुरूच्या खांबाने माडीचा भार घेतला. आर्ट डेकोच्या खिडक्यांवरच्या छज्ज्यांनी मुंबईचं ऊन-पाऊस अडवलं. फरशीने पिढ्यान्‌पिढ्यांचे पाय आणि रोजची पुसापुशी सोसली. वस्तू वापरात आली, झिजली, आणि झिजता झिजता आपली झाली.

या कसोटीवर तो टीपॉय घासून बघू. दाराचं काम उघडणं, मिटणं, कुणाला आत घेणं, कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवणं. आता ते आडवं पडलंय आणि त्याच्यावर चहाचे कप आहेत. मुळात दार बाजारात आलंच कसं? पेठेतला एखादा वाडा पडतो, तिथे फ्लॅट उभे राहतात, आणि वाड्याची दारं-खांब जुन्या बाजारात विकायला येतात. आपल्यासारख्यांना फ्लॅट हवे होते. वाडा पाडायला आपलाही हातभार लागला, आणि त्याचाच तुकडा आपण आठवण म्हणून घरात मांडला. बरं, वाड्यासाठी गळा काढण्यातही अर्थ नाही. अंधारं माजघर आणि सामायिक संडासापुढची रांग ज्यांनी भोगली, त्या भाडेकरूंना विचारा! पण टीपॉयवरच्या काचेतून हे काहीच दिसत नाही. दिसते फक्त नक्षी.

बुद्धाच्या मस्तकाची गोष्ट याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात तरी बुद्ध हा सजावटीपुरता विषय असू शकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून कितीतरी घरांत बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी आहेत. तिथे वंदना होते, मंगलकार्यं होतात. आता असं समजा, एकाच मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एका दारामागे हा बुद्ध. समोरच्या दारामागे धडाविना मस्तक, कारण कोपरा ‘शांत’ वाटायला हवा. ज्या घरात ते मस्तक आहे, तिथे शेजारी बाबासाहेबांची तसबीर लागेल का? नसेल लागत, तर का? आपण या मातीतून एक चेहरा उचलला आणि त्याच्यामागचा संघर्ष दाराबाहेर ठेवला. टीकाकार म्हणून आम्हाला हे सांगणं भाग आहे. रंगसंगती जुळली म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

त्या घरात एक गोष्ट मात्र खरंच जुळून आली होती. जपानी घरात दाराशी पादत्राणं काढतात, आपणही चपला बाहेर ठेवतो. त्यांची जमिनीलगतची बैठक, आपले पाट-चौरंग. दोन सवयी एकमेकींना ओळखतात, त्यामुळे ती बैठक उपरी वाटत नव्हती. पोरं तिच्यावर लोळत होती.

पण यजमानांच्या आईंचे गुडघे दुखतात. त्यांना तितकं खाली बसवेना. शेवटी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. फोटो काढायच्या वेळी सूनबाईंनी ती हळूच बाजूला केली, आणि आई उभ्या राहिल्या.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. मोरोक्को आणा, जपान आणा, जरूर आणा. फक्त घेण्याआधी विचारा, ही वस्तू इथे कोणतं काम करणार? ती कुणाच्या घरातून आली? आणि ती आल्यावर आपल्या घरातलं कोण उभं राहणार? इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.