संकेत आणि अपवाद : एका रूपांतराची मर्यादा

वाळूज औद्योगिक क्षेत्रालगत, कामगारांची मोठी वस्ती असलेल्या बजाजनगरात, यंत्र थांबण्याच्या दोन प्रकारांतील भेद कोणाला समजावून द्यावा लागत नाही. पॉवर प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा बसविलेला असला, तर हात आत जाताच किरण तुटतो व प्रेस थांबतो. थांबण्याचे कारण येथे ज्ञात असते. हात काढून व रीसेट दाबून काम पुढे चालू करता येते. मुख्य ब्रेकर ट्रिप होतो तेव्हा मात्र कारण अज्ञात असते, आणि तपासणीवाचून तो पुन्हा चढविणे हा अविचार होय. हार्डवेअरच्या संकेतांचे अपवादांत रूपांतर करण्याची जी पद्धती संगणकभाषांच्या रनटाइममध्ये रूढ झाली आहे, तिचे मूल्यमापनही याच भेदाच्या आधारे केले पाहिजे.

प्रोसेसरला भाषा ठाऊक नसते. एक्स८६ प्रोसेसरवर पूर्णांकास शून्याने भागल्यास ० क्रमांकाचा, तर अनधिकृत पत्त्यास स्पर्श केल्यास १४ क्रमांकाचा दोष उद्भवतो. लिनक्स कर्नल त्यांचे अनुक्रमे सिगएफपीई व सिगसेग्व्ही हे संकेत करून प्रोग्रामकडे पाठवितो. संकेत हाताळणारे फंक्शन प्रोग्रामच्या कोणत्याही दोन आज्ञांच्या मधोमध चालू होते. त्या क्षणी मेमरी मागणेदेखील निषिद्ध असते, कारण खंडित झालेल्या कोडने मेमरीवाटपाचे कुलूप धरून ठेवलेले असू शकते. म्हणून गो भाषेचा रनटाइम तेथल्या तेथे अपवाद उभा करीत नाही. तो कर्नलने जतन केलेल्या रजिस्टरांत फेरफार करतो व परततो; परिणामी, दोषी आज्ञेने आपण होऊनच ‘सिगपॅनिक’ या फंक्शनला हाक मारली, असा देखावा निर्माण होतो. ही युक्ती निःसंशय कुशल आहे.

या युक्तीचे समर्थन काटकसरीत आहे. जावाच्या प्रत्येक ऑब्जेक्टवाचनापूर्वी पॉइंटर रिक्त आहे काय, हे तपासणे भाषेस बंधनकारक आहे. हॉटस्पॉट यंत्रणा बहुतेक ठिकाणी ही तपासणी लिहीतच नाही. शून्य पत्त्याचे पान मोकळे ठेवलेले असल्यामुळे तेथील दोष हाच तपासणीचा निकाल ठरतो. दोष क्वचित घडतो. न घडलेल्या दोषाचे मोल मात्र शून्य असते.

तथापि, या काटकसरीमागे एक गृहीतक आहे: दोषाचा अर्थ एकच असला पाहिजे. गो भाषा हे गृहीतक प्रामाणिकपणे पाळते. पत्ता ४०९६ हून लहान असेल तर रिक्त पॉइंटरचे अनुमान करून ती सावरता येण्याजोगा पॅनिक देते. अन्य पत्त्यावरील दोषास ती, प्रोग्रामने स्वतः वेगळी मागणी केली नसल्यास, घातक मानते व प्रोग्राम संपविते. पहिला प्रकार प्रकाशपडद्याचा, दुसरा ब्रेकरचा. सी++ मध्ये हा आधारच नाही. रिक्त पॉइंटरचे वाचन तेथे अपरिभाषित वर्तन आहे. ते कधी घडणारच नाही असे मानून कम्पायलर त्यानंतरची तपासणी वगळू शकतो. जीसीसीमध्ये अशा आज्ञांना अपवाद फेकू देण्याचा पर्याय आहे. परंतु भाषेने जे वचन दिलेच नाही, ते कम्पायलरच्या पर्यायाने सिद्ध होत नाही.

डॉटनेटचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. आरंभी मेमरी-उल्लंघनाचा दोष सर्वसाधारण ‘कॅच’मध्ये सापडत असे, बिघडलेल्या स्थितीतील प्रोग्राम तो गिळून पुढे चालत असे आणि चुकीचा मजकूर साठविण्याचा धोका पत्करीत असे. २०१० सालच्या ४.० आवृत्तीत असे अपवाद, विशेष परवानगीवाचून, कॅचपर्यंत पोहोचणे बंद करण्यात आले. ही माघार नव्हे, विवेक होय.

दुसरी मर्यादा हार्डवेअरचीच आहे. ६४ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर पूर्णांकास शून्याने भागले असता कोणताही दोष उद्भवत नाही. उत्तर निमूटपणे शून्य येते. भागाकाराविषयीचे जावाचे वचन तेथे कम्पायलरला स्वतंत्र तुलना घालूनच पाळावे लागते. अर्थात अपवाद हा भाषेचा करार आहे, संकेत हे तो पाळण्याचे केवळ एक साधन. साधनावरून करार ठरविला की करार प्रोसेसरागणिक बदलतो.

सारांश, रूपांतराचे यश किती दोष पकडले यावर मोजणे योग्य नव्हे. ज्या दोषाचे कारण रनटाइमला निश्चित ठाऊक आहे, त्याचाच अपवाद करावा. अन्य दोषांपुढे प्रोग्रामने थांबावे. ट्रिप झालेला ब्रेकर आपोआप चढविणाऱ्या यंत्रणेस कोणताही जाणता फिटर सुरक्षित म्हणणार नाही.