दोघंही उपरे

अमेरिकेतल्या किशोरवयीन प्रेमकादंबरीत स्थलांतरितांचं मूल बरीच वर्षं एकाच साच्यातून आलं. मुलगी आपल्यासारखी सावळी, मुलगा गोरा आणि मधे आडवे आलेले आईवडील. मुंबईत जन्मलेल्या समीरा अहमद यांच्या ‘लव्ह, हेट अँड अदर फिल्टर्स’मध्येही (२०१८) मायाचं मन अखेर गोऱ्या फिलमध्येच गुंततं. गोरा मुलगा म्हणजे मोकळं जग आणि घर म्हणजे बंधन, असा हिशेब त्यात आपोआप मांडला जातो. दोघंही उपरे असले की हा हिशेब मोडतो. म्हणूनच गेल्या दहाएक वर्षांत आलेल्या तशा कादंबऱ्या मला अधिक मोलाच्या वाटतात.

त्यातली सर्वांत भक्कम निकोला यून यांची ‘द सन इज ऑल्सो अ स्टार’ (२०१६). यून जन्माने जमैकन, त्यांचे पती डेव्हिड यून कोरियन-अमेरिकन. कादंबरीतही नताशा जमैकन आणि डॅनियल कोरियन घरातला. न्यूयॉर्कमधल्या एकाच दिवसाची गोष्ट. नताशाच्या कुटुंबाकडे कागदपत्रं नाहीत. वडील दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले, आणि आज रात्री सगळ्यांना देश सोडायचाय. डॅनियल येल विद्यापीठाच्या मुलाखतीला निघालाय. योगायोगांची रेलचेल मलाही जड गेली. पण हार्लेममधल्या दुकानाचा प्रसंग वाचाच. डॅनियलच्या आईवडिलांचं दुकान कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी लागणाऱ्या सामानाचं. नताशा तिथे येते, तिच्या भरघोस कुरळ्या केसांसकट. डॅनियलचे वडील तिला केस सरळ करायचं औषध देऊ करतात. मुलाची मैत्रीण त्यांना दिसतच नाही. दिसतं ते गिऱ्हाईक, आणि केस आवरायला हवे असलेलं.

यून एक छोटं प्रकरण या धंद्यालाच देतात. साठच्या दशकात दक्षिण कोरियातून अमेरिकेत केसांचे टोप येऊ लागले, आणि तिथून काळ्या वस्त्यांतली ही दुकानं कोरियन कुटुंबांच्या हाती कशी गेली, ते त्यात आहे. हे कळल्यावर त्या बापाचा राग येतो, पण त्याला खलनायक म्हणवत नाही. दोन्हीकडच्या आईबापांना इथे स्वतःची प्रकरणं आहेत. आणि प्रेमात पडल्यामुळे नताशाचं जाणं टळत नाही, हा लेखिकेचा खरेपणा.

मीसा सुगिउरा यांच्या कादंबरीत (‘इट्स नॉट लाइक इट्स अ सीक्रेट’, २०१७) जपानी घरातली सना आणि मेक्सिकन घरातली जेमी या दोघी मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात. सनाच्या आईचे मेक्सिकन लोकांबद्दलचे ग्रह बोचतात, कारण तीही बाहेरूनच आलेली. अदिबा जयगीरदार यांच्या ‘द हेना वॉर्स’मध्ये (२०२०) डब्लिनच्या शाळेतल्या स्पर्धेत बांगलादेशी निशात आणि ब्राझिलियन वंशाची फ्लाविया दोघीही मेंदीचाच धंदा काढतात. एका उपऱ्याने दुसऱ्याच्या घरची कला उचलावी का? प्रश्न फार चांगला आहे. मला तो घाईने मिटवल्यासारखा वाटला.

या प्रकारातली मोठी उणीव भाषेची. घरची भाषा बहुतेक ठिकाणी पदार्थांची नावं आणि लाडाची हाक एवढ्यापुरतीच उरते. डेव्हिड यून यांची ‘फ्रँकली इन लव्ह’ (२०१९) याला अपवाद. फ्रँकला कोरियन धड येत नाही, आईबापांचं इंग्रजी तोकडं, आणि काळ्या मुलावर प्रेम केलं म्हणून बहिणीला घराबाहेर काढलेलं. जीव लावणाऱ्या माणसांशी मनातलं बोलायला शब्दच नसणं हे दुःख तिथे जाणवतं. उलट ‘व्हेन डिंपल मेट रिशी’ या कादंबरीवरून ‘मिसमॅच्ड’ मालिका आली, ठाण्याच्या प्राजक्ता कोळीने डिंपल छान केली, पण कथा जयपूरला आणताना स्थलांतर गळालं आणि एक गोड कॉलेजकथा उरली.

आपली कितीतरी नातवंडं आज न्यू जर्सीत, डब्लिनमध्ये याच वयाची आहेत. त्यांची मैत्री कोरियन, नायजेरियन, ब्राझिलियन घरांशी होते. इथल्या आजीआजोबांना विनंती, ‘द सन इज ऑल्सो अ स्टार’ मिळवा. इंग्रजी सोपं आहे, प्रकरणं दोन-तीन पानांची. वाचून झालं की नातीला फोन करा आणि त्या दुकानातल्या बापाबद्दल तिला काय वाटलं ते विचारा.