रिकामे रंगायतन आणि भाडेकरूची पात्रता

भिवंडीत महानगरपालिकेच्या मालकीचे एक रंगायतन आहे. मीनाताई ठाकरे यांचे नाव त्याला दिलेले आहे. दुरुस्तीअभावी ते वर्षानुवर्षे बंद राहिले. या काळात त्याच्याविषयी जे बोलले गेले ते मुख्यतः छपराविषयी, खुर्च्यांविषयी आणि खर्चाविषयी. मला येथे दुसरा प्रश्न उभा करायचा आहे. दुरुस्ती आज होईल, उद्या होईल. पण दार उघडल्यावर ते कोणाच्या हाती द्यायचे? कचेरीच्या भाषेत सांगायचे तर रिकाम्या नाट्यगृहाचा भाडेकरू कोणत्या कसोटीवर निवडायचा? हा प्रश्न नुसता कारकुनी नाही. तो वाङ्मयीन आहे आणि सामाजिकही आहे. म्हणूनच तो या पानांवर मांडतो आहे.

सार्वजनिक वास्तू ठेक्याने देताना जी निविदा काढली जाते, ती आपण समीक्षक म्हणून कधी वाचत नाही. कादंबरीतला एखादा शब्द ब्राह्मणी आहे की नाही यावर आपण परिसंवाद घेतो. पण एवढी अनामत, इतक्या वर्षांचा अनुभव, इतकी वार्षिक उलाढाल, या शब्दांना आपण निरुपद्रवी समजतो. वास्तविक त्यांच्यातही एक कथानक आहे. ज्याच्याजवळ रंगमंच होता त्यालाच अनुभव असणार, ज्याला अनुभव त्यालाच रंगमंच मिळणार. ज्याच्या वाट्याला तो पिढ्यान्‌पिढ्या आलाच नाही त्याने अनुभव आणायचा कोठून? जातीचे नाव कागदावर कोठेही नसते, आणि तरीही काम चोख होते.

हे आजचे नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या भटांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे लिहून ठेवले. ते नाटक वाचकांच्या हाती पडायला १९७९ साल उजाडावे लागले. मराठी नाटकाच्या इतिहासातली ही निवड समिती आपण विसरू नये. नाटक वाईट आहे असे सिद्ध करण्याची तिला गरज पडली नाही. दार तिच्या हातात होते, एवढे पुरेसे झाले.

आता उलट उदाहरण पाहू. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये उभे राहिले. ते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे. गिरणगावातल्या कामगारांनी तेथे नाटके केली आणि पाहिली. परंतु आपल्या दृष्टीने त्या वास्तूची थोरवी वेगळी आहे. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली आणि त्या विचारविनिमयातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेची कचेरीही याच वास्तूत होती. म्हणजे आपल्या चळवळीच्या पहिल्या मोठ्या संघटनेचा पत्ता एका नाट्यगृहाचा पत्ता होता.

यावरून लीगच्या सुधारकांचे गोडवे गावेत असे मला म्हणायचे नाही. बाबासाहेब त्या जागेत बसले, पण विचार त्यांनी स्वतःचाच चालवला, हे १९२७ च्या महाडने दाखवून दिले. माझा मुद्दा इतकाच की १९२४ मध्ये त्या सभेजवळ ना उलाढाल होती ना अनुभवाचा दाखला. आजची निविदा त्या दिवशी दारावर लावली असती, तर बहिष्कृत हितकारिणी सभा पहिल्याच छाननीत बाद ठरली असती. भाडेकरू निवडताना नगराने स्वतःला हा एक प्रश्न विचारावा: आपली अट उद्याच्या कोणाला बाहेर ठेवते आहे?

दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. कलावंत रस्त्यावर आले, प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. शंभर वर्षे तेथे नांदलेल्या सहकारी मनोरंजन मंडळासारख्या संस्थेचे काय होणार, ही चिंता रास्त होती. पण त्या चर्चेत बहिष्कृत हितकारिणी सभेची आठवण किती जणांनी काढली? वारसा म्हणून नाटकाचे जतन व्हावे आणि चळवळ मात्र नोंदीपुरती उरावी, ही प्रस्थापित समीक्षेची जुनी खोड आहे.

परळ आणि भिवंडी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो माझ्या घरातूनच जातो. माझा आजा परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत; कांडीचा दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडचा दोरा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि आज्याची गिरणी कायमची सुटली. मुंबईचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले, तसा आजाही भिवंडीत आला आणि बारा तासांच्या पाळीत मागावर उभा राहिला. ज्या कामाला त्याच्या बापाला हात लावू दिला नव्हता ते काम त्याला मिळाले, पण कोणत्या स्थितीत! हजेरीपट नाही, फंड नाही, पेन्शन नाही.

आजा सांगायचा, ‘पोरा, माग आला, हॉल नाही आला.’ परळला रात्रपाळी सुटल्यावर तो कधी तालमीच्या खोलीच्या खिडकीशी उभा राहायचा. भिवंडीत पाळी सुटल्यावर उभे राहण्याजोगी खिडकीच नव्हती. गिरणगाव मोडले तेव्हा भांडवलाने यंत्रे हलवली, मजुरी कमी केली, कायदे चुकवले. आणि कामगाराने साठ वर्षांत उभे केलेले सांस्कृतिक जग तेवढे मागे टाकले. भिवंडीच्या रिकाम्या रंगायतनाकडे मी या अर्थाने पाहतो. ते या शहराचे देणे आहे.

‘भिवंडीत नाटकाला प्रेक्षक नाही’ असे पुष्कळदा ऐकू येते. या वाक्याची तपासणी केली पाहिजे. १९४९ मध्ये प्रगतिशील लेखकांची अखिल भारतीय परिषद भरली ती याच भिवंडीत. मुशायऱ्याला रात्र जागवणारे लोक येथेच आहेत. येथे आगरी-कोळ्यांची गाणी आहेत, पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे, मोमीन मोहल्ल्यांची उर्दू आहे, उत्तरेकडून आलेल्या कामगारांची भोजपुरी आहे आणि आमच्या वस्त्यांतली भीमगीते आहेत. मग प्रेक्षक नाही म्हणजे कोण नाही? मुंबई-पुण्याहून आलेल्या तीन अंकी नाटकाचे तिकीट काढणारा मध्यमवर्ग पुरेसा नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘दर्जेदार’ हा शब्दही असाच आहे. तो कलाकृतीचे मोजमाप करण्याआधी प्रेक्षकाचे करतो.

शिवाय भिवंडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मे १९७० आणि मे १९८४ या दोन दंगलींनी हे शहर जाळले. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, माणसे एकमेकांसमोर बसवली, आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. एकत्र बसण्याने काय होते ते या शहराने अनुभवले आहे. ज्या शहरात वस्त्या एकमेकींकडे पाठ करून राहतात, तेथे चारशे-पाचशे माणसे एका अंधारात शेजारी बसून एकच गोष्ट पाहतात, ही चैन नव्हे. ती गरज आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी एक एकांकिका बसवली. कोणी मागावरचा, कोणी गोदामात हमाली करणारा, एक मुलगी घरी कपड्यांचे धागे कापणारी. विषय पगाराच्या उचलीचा. प्रयोगासाठी आम्ही एका सभागृहात चौकशीला गेलो. तेथल्या गृहस्थांनी माझे आडनाव ऐकले, अर्ज पाहिला आणि सौजन्याने विचारले, ‘सर, जयंतीचा कार्यक्रम आहे का? जयंतीसाठी सवलत आहे. नाटक असेल तर पूर्ण अनामत भरावी लागेल.’ अनामतीचा आकडा मुलांच्या महिन्याच्या कमाईच्या कितीतरी पट होता. प्रयोग शेवटी एका गोदामाच्या आवारात, टेम्पोच्या दिव्यांत झाला. लोक पुष्कळ आले. पण शेजारच्या कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात त्या मुलीचे शेवटचे भाषण कोणालाही ऐकू गेले नाही. ते मी पाठीमागे उभा राहून पुटपुटत होतो, कारण मला ते पाठ होते.

त्या गृहस्थांचा प्रश्न मला अजून टोचतो. त्यांनी आमचा अपमान केला नाही. त्यांनी आमची जागा सांगितली. तुम्ही वर्षातून एक दिवस हार घालायला या, तिकडे सवलत आहे. कलावंत म्हणून याल तर भाव वेगळा.

पण येथे आपण आपल्यालाही सोडता कामा नये. ही जागा आपणही मुकाट्याने पत्करलेली नाही काय? भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव विचार नेला. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी उभे केले. प्रेमानंद गज्वींच्या १९७७ च्या ‘घोटभर पाणी’ने दोन पात्रांत सगळी व्यवस्था उभी करून दाखवली. हा वारसा आपण भाषणांत सांगतो. पण उद्या रंगायतनाची किल्ली खरोखरच आपल्या हातात दिली, तर वर्षातल्या किती रात्री आपण ते भरू? सत्कार, पुस्तक प्रकाशन, पुढाऱ्याचा वाढदिवस याखेरीज आपल्याजवळ काय आहे? तालमीला रोज संध्याकाळी येणारी दहा माणसे आहेत काय?

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, आपल्याला हॉल कशाला? आपले नाटक रस्त्यावरचे, नाक्यावरचे. त्यांच्याशी माझा मतभेद आहे. रस्त्यावर नाटक करणे हा निर्णय असेल तर त्याला माझा सलाम. पण आत घेत नाहीत म्हणून रस्ता, आणि मग त्यालाच तत्त्व म्हणायचे, ही फसवणूक आहे. पाणवठ्यावरही आपण आपल्याकडे दुसरे पाणी आहे म्हणून गप्प बसलो नाही. शिवाय काही गोष्टी शांततेतच ऐकू जातात. त्या मुलीचे शेवटचे भाषण ही त्यांपैकी एक.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत करू. रंगायतन एकाच ठेकेदाराला सरसकट देऊ नये. स्वच्छता, वीज, पहारा यांचा ठेका जरूर द्यावा. तारखा वाटण्याचा अधिकार मात्र देऊ नये. तारखांसाठी समिती असावी, तीत यंत्रमाग कामगार, शिक्षक, स्त्रिया आणि शहरातल्या सगळ्या भाषांची माणसे असावीत, आणि तिचे निर्णय दारावर लावावेत. महिन्यातल्या ठरावीक रात्री अनामतीविना नव्या मंडळींसाठी राखून ठेवाव्यात. प्रयोगाची वेळ पाळ्यांच्या वेळा पाहून ठरवावी. एक खोली कायम तालमीसाठी असावी आणि तिला खिडकी असावी.

आणि आपल्या बाजूने एक गोष्ट. ही मागणी घेऊन पालिकेत जाण्यापूर्वी प्रत्येक वस्तीत एक गट उभा राहू द्या, संहिता हातात असू द्या, तालीम सुरू असू द्या. आमच्या मुलांनी ती एकांकिका पुन्हा बसवायला घेतली आहे. मुलगी तीच आहे. अर्जात या वेळी कार्यक्रमाच्या रकान्यात आम्ही ‘नाटक’ असेच लिहिणार आहोत.